सात माणसांचं एकच पातेलं

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातल्या एका मेक्सिकन घरी मी गेले होते. बरोबर आमची प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई. आहारतज्ज्ञ मी असले तरी दार उघडतं ते तिच्यासाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने 1994 मध्ये ‘सालुद पारा सू कोरासोन’ (स्पॅनिशमध्ये ‘तुमच्या हृदयासाठी आरोग्य’) हा लॅटिनो कुटुंबांसाठीचा उपक्रम सुरू केला. त्याला पुढे बळ मिळालं ते अशाच बायकांमुळे.

घरातल्या आजींना वर्षापूर्वी स्टेंट बसवला होता. पथ्याचा कागद त्यांनी नीट जपून ठेवला होता. पण त्या सात माणसांचा स्वयंपाक करतात. स्वतःपुरतं वेगळं अळणी पातेलं कोण चढवणार? आणि आपण रांधलेलं आपणच खायचं नाही, हे त्यांना आजारापेक्षा जास्त लागलं होतं. एकट्या पेशंटला पथ्य सांगून मोकळं होणं मला म्हणूनच पटत नाही.

त्या दिवशी आम्ही कागद काढलाच नाही. ओट्याशीच उभ्या राहिलो. फ्रिहोलेस शिजत होते, कांदा-लसूण घालून. घेवडाच तो, तंतूंनी भरलेला, हृदयाला उत्तम. अडचण नंतरची: घोटताना पडणारा मान्तेकाचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा, मोठा गोळा. प्रोमोतोराने घेवडा शिजवलेलं पाणी डावाने थोडं थोडं घालत, चमचाभर तेलावर तो घोटला. आजींनी बोटावर घेऊन चाखला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘लसूण अजून हवा.’ मला तेवढं पुरे होतं. भातातल्या चिकन बुलियनच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची चव देणाऱ्या खारट पिवळ्या पावडरवर मात्र बराच वेळ गेला. दिवसभराची सोडियमची मर्यादा 2300 मिलिग्रॅम, आणि त्यातला मोठा वाटा ती पावडर एकटीच खाते.

मग सगळ्यांचंच बीपी मोजलं. चौतीस वर्षांचा मुलगा ‘मला काय झालंय’ म्हणत बसला. 148/94. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, तरी जवळपास तेवढंच. 130/80 पासून इथे उच्च रक्तदाब धरतात. एका दिवसाच्या मोजणीवर निदान होत नाही, पण तो घाबरला.

आजींनी त्याच्या दंडावरचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडवला आणि सुनेला म्हणाल्या, त्याची क्लिनिकची वेळ उद्याच घे, मी बरोबर जाते.