एक जीव पाठव

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. पंखा दोनवर, खाली मल्टीचा (इंदुरात मजल्यांच्या बिल्डिंगला मल्टी म्हणतात) वॉचमन कुठल्याशा डिलिव्हरीवाल्याशी "भिया ऐसे नी चलेगा" करत होता, डोळा लागणार तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "संपले गं बाई माझे जीव."

चौऱ्याहत्तर वय आहे तिचं. मी धावलोच. तर बाईसाहेब पलंगावर मांडी घालून, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला टेकलेला. माझ्याकडे बघून म्हणते, "काय झालं तुला? पाचच देतात रे मेले. आता अर्ध्या तासाने एक येईल."

कँडी क्रश. ती त्याला गोळ्या म्हणते. त्यामुळे आमच्या घरात "गोळ्या झाल्या का?" याचं उत्तर हो आलं तरी बीपीची घेतली की लेव्हल पार झाली हे कळायला मार्ग नाही, बायको तर आता सरळ "पांढरी की रंगीत?" असंच विचारते.

परत येऊन पडलो पण झोप गेली ती गेलीच. तो जीव शब्द डोक्यात फिरत राहिला. आम्ही दोघं भाऊ लहानपणी हजारो वेळा मेलो असू पण जीव असं कधी म्हटलंच नाही. लाइफ म्हणायचो. खरं तर खेळताना मराठीच बोलायचो नाही. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, घरात मराठी, ओटल्यावर हिंदी, आणि व्हिडिओ गेम असेना का बैठकीत टीव्हीसमोर, तो ओटल्याचाच भाग. सख्खे भाऊ आम्ही, पण रिमोट हातात आला की "अबे पीछे देख", "मेरे को मत मार", "मर गया यार". आईने पानं वाढलीयत म्हणून हाक मारली की "आलो गं" मराठीत आणि त्याच श्वासात "तेरी वजह से मरा मैं". मरायचं ते हिंदीतच. मराठीत मेलो म्हटलं असतं तर तिने मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या.

आणि आता हीच बाई भर दुपारी, शुद्ध मराठीत, जीव संपले म्हणते.

ही तीच, जिने आमचा अडॅप्टर हिंगाच्या डब्यात लपवला होता. १९९६ चा उन्हाळा. दादाला गणितात चांगले नंबर आले म्हणून बाबांनी जेल रोडवरून व्हिडिओ गेम आणला होता. तो निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या जपानी व्हिडिओ गेमची नक्कल होता हे फार नंतर कळलं. तिकडे खरा १९८३ मध्ये आला, आमच्याकडे त्याचा सावत्र भाऊ तेरा वर्षांनी पोचला. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९९९९ इन १ असं छापलेलं, त्यात प्रत्यक्षात वीसेक गेम, पुढे तेच ते नाव बदलून परत. पण आम्ही भोळे, आठवडाभर रोज थोडं थोडं खाली जाऊन बघत होतो की कधीतरी नवीन येईल. आणि फुंकर. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, ती मारू नका असं खुद्द निन्टेन्डोने सांगून ठेवलंय म्हणे, थुंकीने उलट पिना गंजतात, चालते ती काढून परत नीट बसवल्यामुळे. असेल बुवा. पण फुंकर न मारता कॅसेट लावणं म्हणजे आचमन न करता पूजेला बसणं.

माझी सगळ्यात आवडती कोणती असं कुणी विचारलं (कुणी विचारत नाही, पण उत्तर तयार आहे) तर बॅटल सिटी. आम्ही नुसतं टँक म्हणायचो. नाम्कोची, १९८५ ची. एक पिवळा टँक, एक हिरवा, खाली मधोमध विटांच्या कोंदणात एक गरुड, वरून तीन ठिकाणांहून शत्रूचे टँक येणार, दर स्टेजला वीस, आणि तुम्ही गरुड वाचवायचा. बस. गोष्ट नाही, राजकन्या नाही. पण जे काही आहे ते बनवणारा माणूस भावंडांमध्ये वाढलेला असणार अशी माझी खात्री आहे, कारण त्यात भावाला गोळी मारता येते. तो मरत नाही, नुसता जागच्या जागी खिळून लुकलुकत राहतो. तेवढ्यात तुम्ही जाऊन चांदणी उचलायची, तिने टँकची ताकद वाढते. मी हे इतक्या वेळा केलंय की दादा आजही एखाद्या गोष्टीला उशीर झाला की माझ्याकडे संशयाने बघतो. आणि त्याहून भारी म्हणजे स्वतःचा गरुड स्वतःला मारता येतो. शत्रू राहिले बाजूला, घाईत वळताना बटण दाबलं गेलं की आपलीच गोळी, आपलाच गरुड, आणि खालून गेम ओव्हर वर सरकत येतो. मी हे दादा तीन चांदण्यांचा झालेला असताना केलं होतं, तीन चांदण्या म्हणजे पोलादी भिंतही फुटते. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. हिंदीतही नाही.

त्यात कन्स्ट्रक्शन म्हणून एक प्रकार होता, स्वतःचं मैदान बनवायचं. विटा, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ. तेरा बाय तेरा चौकोन. सगळे आपले गरुडाभोवती पोलाद लावून मोकळे व्हायचे, मी मात्र एका दुपारी आमचं रामबागेतलं घर बांधलं होतं. गरुड काही हलवता येत नाही म्हणून तिथे देवघर धरलं आणि बाकीचं घर त्याच्याभोवती बेतलं, मागच्या हौदाच्या जागी पाणी, कडुलिंबाच्या जागी झाडी, स्वयंपाकघर पोलादी कारण तिथे कुणाची आत शिरायची हिंमत नव्हती, बाबांची खोली साध्या विटांची. तासभर लागला. मग स्टार्ट दाबलं आणि शत्रू रस्त्याच्या बाजूने आत आले, बैठक फोडली, जिना फोडला, बाबांची खोली तर पहिल्या मिनिटात गेली. मी लढत होतो की बघत होतो आठवत नाही. आणि मग लाइट गेली.

लाइट. त्या गेममध्ये सेव्ह वगैरे भानगड नव्हती. लाइट गेली की सगळं गेलं, आणि मध्यप्रदेशात त्या काळात लाइट कशी जायची हे मी काय सांगू, पुढेपुढे तर वेळापत्रकच यायचं आणि तेही पाळलं जायचं नाही. २००३ मध्ये इथलं सरकार बिजली, सडक, पाण्यावर पडलं असं सगळे म्हणतात, त्यातला बिजलीचा राग नुसता शेतकऱ्यांचा आणि गिरणीवाल्यांचा नव्हता एवढंच माझं म्हणणं. घराचं मैदान मी परत बांधलं नाही. खरं घर पुढे बिल्डरला दिलं, त्याच जागेवर ही मल्टी आहे, मी आडवा पडलो होतो तो तिसरा मजला म्हणजे साधारण कडुलिंबाचा शेंडा.

बाबा फक्त एकदा खेळले. डक हंट. बंदूक होती ना, बंदुकीचं त्यांना कौतुक. बँकेतून येऊन, बनियनवर, एक डोळा बारीक करून उभे राहिले. त्या बंदुकीची गंमत अशी की तिच्यातून काही निघत नाही, उलट ती बघते. घोडा ओढला की क्षणभर अख्खा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, नळीला उजेड दिसला तर बदक मेलं, अंधार दिसला तर चुकलं. जुन्या डबा टीव्हीवरच चालतं ते, आताच्या चपट्या टीव्हीवर नाही. तर बाबांनी पहिलं बदक सोडलं. दुसरं सोडलं. एका बदकाला तीन गोळ्या, तिन्ही वाया, आणि दर वेळी तो कुत्रा गवतातून वर येऊन तोंडावर पंजा धरून हसणार. आई दारात उभी राहून हसत होती, दादा हसत होता. पाचव्या की सहाव्या बदकाला बाबांनी बंदूक टीव्हीवर ठेवली आणि म्हणाले, "भंगार आहे." परत कधी हात लावला नाही.

आता हे इथे लिहून टाकतो. एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्या रिमोटने बदक चालवता येतं. तो रिमोट माझ्या चादरीखाली होता.

सांगणार होतो त्यांना कधीतरी. आधी मार बसेल म्हणून नाही सांगितलं, मग विषयच निघाला नाही, आणि मग ते राहिले नाहीत. असो.

दादाचा जीव काँट्रा नावाच्या गेमवर. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ही त्याची रामरक्षा. हे केलं की तीनच्या जागी तीस लाइफ. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती मुळात १९८६ मध्ये ग्रेडियस नावाच्या गेमसाठी टाकली होती, स्वतःलाच तो गेम तपासताना पार होत नव्हता म्हणून, आणि ती मग तशीच आत राहिली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. पण तीस लाइफ असूनही तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, आमची भांडणं ठरलेली. तिथे वर चढत जायचं असतं, आणि वरचा खेळाडू पुढे गेला की पडदा वर सरकतो, खालचा राहिला की मेला. शत्रू लागतच नाही. दादा मोठा, चपळ, तो उड्या मारत वर, आणि मी खाली एकेक लाइफ घालवत "रुक ना यार, रुक ना". तो थांबायचा नाही. त्याला शेवट बघायचा असायचा. तो नेहमीच शेवट बघणारा, पिक्चरमध्येही नावं संपेपर्यंत बसतो.

मला शेवटाचं कधीच कौतुक नव्हतं, हा माझा खोडसाळपणा म्हणा. मारिओ एवढा गाजलेला, मला त्याचा राग यायचा, कारण वर कोपऱ्यात घड्याळ. ४०० पासून उलटं. मी ते भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघितलं होतं, चारशे संपायला तीन मिनिटंही लागत नाहीत, म्हणजे लबाडीच, आणि शंभर उरले की गाणं जोरात पळायला लागतं, पेपरला दहा मिनिटं राहिली म्हणून सर ओरडतात तसं. मला न संपणाऱ्या गेम आवडायच्या. टँकची पस्तीस मैदानं झाली की परत तीच फिरून येतात. नोकियाचा साप. टेट्रिस. टेट्रिसमध्ये जिंकणं नाहीच, विटा पडत राहतात, तुम्ही लावत राहता, आपण आटपतो, गेम आटपत नाही. राजवाड्याजवळून घेतलेला तो हातातला ब्रिक गेम मी बारावीच्या पेपरांच्या आदल्या रात्रीही पांघरुणात खेळलोय, आवाज बंद करून, रेघ गेली की तेवढंच बरं वाटायचं. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला तो, आकार फक्त सात. सात आकारांत माणसाला चाळीस वर्षं गुंतवून ठेवणं म्हणजे काय कमाल आहे.

आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमातल्या १३ वर्षांच्या एका पोराने जुना निन्टेन्डोवरचा टेट्रिस खेळत खेळत १५७ वी लेव्हल गाठली आणि गेमच अडकून बसला. पहिल्यांदाच माणसाकडून. सगळं जग टाळ्या वाजवत होतं, मला मात्र ती बातमी वाचून जरा वाईटच वाटलं. म्हणजे होता शेवट. इतकी वर्षं होता.

दादाला तो व्हिडिओ पाठवला होता. त्याने अंगठा पाठवला. तो पुण्यात असतो, कामात असतो, आम्ही अंगठ्यांवर आहोत.

साडेतीनला परत आईकडे डोकावलो. म्हटलं आला का जीव.

"यायचाय. दादाने सकाळी पाठवलेले संपले."

"दादा पाठवतो?"

"रोज पाठवतो. फोन नाही करत मेला, पण जीव पाठवतो." मग जरा थांबून, "तुझ्याकडे नाही का हे? घे की. एक पाठव मला."

आता मी, बॅटल सिटीवाला, घड्याळाचा आणि उधारीच्या जीवांचा जन्मजात विरोधक. बरं तिच्या गेमला शेवट म्हणावा तर हजारोंनी लेव्हल आहेत आणि कंपनी अजून घालतेच आहे, त्या हिशेबाने आई माझ्याच पंथाची निघाली, दादाच्या नाही. घेतला डाउनलोड करून. फेसबुकवरून जोडा, हे मान्य करा, ते मान्य करा. ती बाजूला बसून बघत होती.

"पण काय रे, मला पाठवला की तुझ्यातला एक कमी होतो का?"

"नाही गं. तसं नसतं."

"होत असेल तर नको हं. मी बसते अर्धा तास."

होत नाही म्हणून दोनदा सांगितलं, मग ती उशीला टेकली. माझ्या मोबाइलवर तो गोल गोल फिरत राहिला, नेट इथे दुपारचं असंच, शेवटी गेला एकदाचा. वर बघितलं तर आई झोपली होती, चष्मा अजून कपाळावर, मोबाइल पोटावर. मी उगाच दोन मिनिटं उभा राहून तो मोबाइल वर खाली होतोय ना ते बघितलं. मग जाऊन चहा टाकला.