"काही त्रास?" "नाही, ठीक आहे."

आज केमो डे-केअरमध्ये हा संवाद किती वेळा झाला, देव जाणे.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा आठवड्याला एक, असे 12 डोस. मधेच कधीतरी बोटांना मुंग्या सुरू होतात. डॉक्टर त्याला ग्रेड देतात: नुसत्या मुंग्या असतील तर 1, स्वयंपाक-बाजारहाट अडला की 2, स्वतःचे कपडे घालणं जमेना की 3. बाईच्या लेखी मात्र ब्लाउजचा हूक लागत नाही आणि चालताना चप्पल कधी निसटली ते कळत नाही. हे ती बोलत नाही, कारण केमो थांबवतील ही भीती. खरं तर वेळेत कळलं तर डोस कमी करून किंवा आठवडाभर पुढे ढकलून बरेचदा भागतं. लपवलं आणि 3 वर गेलं, तर औषधच बंद करायची पाळी येते. म्हणून "त्रास आहे का" विचारण्यापेक्षा "हूक लावून दाखवा" म्हणावं.

केसांचं उलटं. डॉक्टर ज्या यादीवरून हे ग्रेड देतात, तिच्यात केस गळण्याला 2 च्या वर ग्रेडच नाही, सगळं डोकं मोकळं झालं तरी! आरशासमोर उभं राहणाऱ्याने ती यादी केली नसावी.

आणि तापाला घरचे 'कणकण' म्हणतात, आम्ही धावपळ करतो. 100.4 फॅरनहाइट दिसला की रात्र असली तरी फोन करायचा. आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. गोळी आधी घेतली की आकडा लपतो, इन्फेक्शन नाही.