कसावा इथेनॉलसाठी लावताय? आधी फांद्या बघा, मग अंतर ठरवा

उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा कसावा. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने इथेनॉलसाठी मान्य केलेल्या कच्च्या मालात त्याचंही नाव आहे. पण भाजीसाठी लावायचा आणि कारखान्यासाठी लावायचा, यात फरक आहे. भाजीबाजाराला मोठा, देखणा कंद लागतो. कारखान्याला लागतो एकरी स्टार्च.

तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची शिफारस जातीच्या ठेवणीवर आहे: फांद्या फुटणाऱ्या जातीला ९० × ९० सेंमी, सरळ वाढणाऱ्या जातीला ७५ × ७५ सेंमी. एकरी झाडं बसतात अनुक्रमे ५,००० आणि ७,२००. ६० सेंमीवर आणलं तर ११,२००.

समजा, एका झाडाला ९० सेंमीवर अडीच किलो कंद मिळाले, ७५वर १.९ किलो आणि ६०वर १.१ किलो. एकरी हिशेब होतो साडेबारा, १३.७ आणि १२.३ टन. म्हणजे ६०वर बेणं दुपटीहून जास्त आणि माल होता तेवढाच! कारण सरळ आहे. पानं एकमेकांत घुसतात, खालची पानं सावलीत पिवळी पडून गळतात, झाड उजेडासाठी उंच धावतं आणि अन्न मुळांऐवजी खोडात जातं. कंद बारीक राहतात, त्यात साल आणि तंतूंचा वाटा वाढतो आणि काढणीची मजुरीही वाढते.

फार विरळ लावलं तरी नुकसानच. जमीन झाकायला वेळ लागतो आणि पहिले तीन महिने तण डोक्यावर बसतं.

अंतर कागदावर कितीही अचूक असलं तरी खरं अंतर नांग्यांवर, म्हणजे बेणं न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागांवर ठरतं. ८-१० महिन्यांच्या निरोगी खोडाचा कोवळा शेंडा टाकून द्यावा आणि १५-२० सेंमीचे तुकडे धारदार कोयत्याने सपाट कापावेत. कापल्या जागी लगेच पांढरा चीक आला तर बेणं ताजं समजावं. चेचलेलं टोक कुजतं. डोळे वरच्या दिशेने ठेवून वरंब्यावर उभं, ५ सेंमी खोल लावावं. उलटं लागलं तर उगवण लांबते. पंधरा दिवसांत नांग्या भरून घ्याव्यात, त्यासाठी ४० सेंमीचा लांब तुकडा वापरावा म्हणजे ते झाड मागे पडत नाही. फूट जास्त आली तर समोरासमोरचे दोनच जोमदार फुटवे ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट. २५ टक्के स्टार्चच्या एक टन कंदापासून हिशेबाने १८० लिटर इथेनॉल निघतं, प्रत्यक्षात १५०-१६० धरावं. ७५ सेंमीवर १३.७ टन निघाले, पण स्टार्च २३ टक्क्यांवर घसरला, तर एकरी स्टार्च ३,१५१ किलो. ९० सेंमीच्या साडेबारा टनांत २५ टक्क्यांनी ३,१२५ किलो. दाट लागवडीचा सगळा फायदा दोन टक्क्यांत गेला! कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडून नवी पालवी फुटली की ती कंदातलाच स्टार्च खाते, म्हणून काढणी त्या आधी उरकावी. उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळा पडायला लागतो, तेव्हा गाडी ठरल्याशिवाय काढणीला हात घालू नये.