मशिनला ‘ळ’ येत नव्हता

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. त्यामुळे ‘मशिन शिकतं’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्याला शिकवतं कोण आणि कसं? एआयबद्दल रोज इतकं कानावर पडतं, पण याचं सरळ उत्तर मला मिळालं ते या दिवाळीत, भाच्याच्या लॅपटॉपवर.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, हा त्याचा प्रोजेक्ट. “मावशी, तुझाच विषय आहे, बस इथे,” म्हणाला, आणि मी फराळाचं बाजूला ठेवून बसले.

त्याने वापरलेला अक्षरांचा संच नेपाळच्या संशोधकांनी तयार केलेला आहे. २०१५ पासून तो सगळ्यांना खुला आहे. त्यात ९२,००० चित्रं आहेत: क पासून ज्ञ पर्यंत ३६ व्यंजनं आणि १० अंक, असे ४६ प्रकार, प्रत्येकाचे २,००० नमुने. एक चित्र म्हणजे ३२ ओळी आणि ३२ उभ्या रांगांचा चौकटीचा कागदच. एकूण १,०२४ चौकटी आणि प्रत्येकीत ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळंकुट्ट, २५५ म्हणजे पांढरंशुभ्र. मशिनला अक्षर दिसत नाही, हे १,०२४ आकडे मिळतात.

“मग त्याला दंड, गाठ, शिरोरेषा हे कुणी सांगितलं?” मी विचारलं. कुणीच नाही, म्हणाला. इथेच मला खरी गोम कळली. आपण नियम लिहून द्यायचे आणि मशिनने ते पाळायचे, हा जुना मार्ग. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९५६ मध्ये झालेल्या ज्या संशोधकांच्या बैठकीने रूढ केलं, त्यानंतर बरीच वर्षं या मार्गावर मोठी भिस्त होती. पण दहा मुलं ‘भ’ दहा तऱ्हांनी काढतात, नियम करणार किती? दुसरा मार्ग उदाहरणांतून शिकण्याचा. तोही तितकाच जुना, पण फळाला उशिरा आला. १९८९ मध्ये संगणक-संशोधक यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बफलोच्या टपालातून आलेल्या पाकिटांवरचे हस्तलिखित पिनकोड मशिनकडून असेच वाचून घेतले होते.

शिकणं होतं ते असं. मशिनच्या आत लाखो आकडे असतात, त्यांना वेट्स म्हणतात. सुरुवातीला ते कसेही भरलेले असतात, म्हणून ‘ग’ दाखवला तर ‘ठ’ सांगेल. मग उत्तर किती चुकलं याचा हिशेब होतो आणि ज्या बाजूला सरकवल्याने चूक कमी होईल, त्या बाजूला प्रत्येक आकडा किंचित सरकवला जातो. पुढचं चित्र, पुन्हा तेच. सगळा संच संपला की पुन्हा पहिल्यापासून. पाटीवर गिरवून घेतल्यासारखंच आहे हे, फक्त हजारो वेळा. आणि परीक्षेसाठी १३,८०० चित्रं आधीच बाजूला काढलेली असतात. गिरवलेलंच परीक्षेला विचारलं तर काय कळणार?

मग मी पेन घेतला. ‘ग’ बरोबर आला, ‘म’ बरोबर. ‘र’ला एकदा ‘२’ म्हणालं, ते समजण्यासारखं होतं. मग मी ‘ळ’ लिहिला. उत्तर आलं ‘क’, खात्री ८७ टक्के. माझं अक्षर बिघडलं की काय म्हणून मोठा, नीट काढून पाहिला. पुन्हा ‘क’.

३६ व्यंजनं मी बोटांवर मोजली, तेव्हा उलगडलं. त्यात ‘ळ’ नाहीच. नेपाळीच्या वर्णमालेत तो नसतो, म्हणून संच करणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. पण मशिनपुढे ४६ खाने आहेत आणि त्यांतच १०० टक्के वाटून टाकायचे आहेत. सत्तेचाळिसावा खाना नाही. पहिलीतलं मूल न शिकवलेलं अक्षर पाहून मान वर करतं आणि म्हणतं, “बाई, हे अजून घेतलं नाही.” या मशिनला तसं म्हणायची सोयच नव्हती. ८७ टक्के म्हणजे उत्तर ८७ टक्के खरं असं नव्हे, हे मी तिथे शिकले. चॅटजीपीटीसारखे बोलणारे प्रोग्राम फार मोठे असतात आणि पुढचा शब्द किंवा शब्दाचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज घेत वाक्य रचतात, पण वेट्स सरकवून शिकणं तेच. म्हणून त्यांनी ठणकावून काही सांगितलं, तरी मी आता विचारते, याला हे दाखवलं होतं का?

मला मात्र ‘ळ’ सोडवेना. वेळ आणि वेल, गाळ आणि गाल, बाळ आणि बाल, एवढी मराठी त्या एका अक्षरावर उभी आहे. मुख्याध्यापकांना विचारून माझ्याच जुन्या शाळेत गेले. ४० मुलं, रोज ५ चौकटी, १० दिवस. कंटाळा येऊ नये म्हणून रोज थोडंच. एका मुलीने इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखा ‘ळ’ काढला, शिरोरेषेला चिकटलेलाही नाही. भाचा म्हणाला, तोही ठेव, लोक असंही लिहितात. मोठ्यांचं वळणही हवं म्हणून अंगणवाडीच्या सेविकांकडून आणि आमच्या भिशीतल्या बायकांकडून आणखी चौकटी भरून घेतल्या. फोनने फोटो, मग काळ्यावर पांढरं करून ३२ बाय ३२.

खाना वाढवून भाच्याने रात्रभर मशिन पुन्हा शिकायला लावलं. सकाळी मी ‘शाळा’ शब्दातला ‘ळ’ सुटा लिहून दाखवला आणि ‘ळ’ असंच उत्तर आलं. मला अगदी वर्गातल्यासारखा आनंद झाला. मग त्याने माझा ‘ल’ घेतला, मराठी वळणाचा, दोन्ही बाजूंना गोल असलेला. नेपाळीत ‘ल’ हिंदीसारखा दंड असलेला लिहितात. मशिन अडलं.

सोमवारी पुन्हा शाळेत जाणार आहे. या वेळी कागदावर ‘ल’च्या चौकटी आखल्या आहेत.