सर, पटलं नाही

पेपर तपासणं, मीटिंगा, हजेरीचे तक्ते, यात काही राम नाही हे कुठलाही प्राध्यापक खाजगीत कबूल करेल. मग तरी वर्गावर जायची ओढ का असते? माझ्यापुरतं कारण म्हणजे "सर, पटलं नाही" म्हणणारी पोरं.

प्रॉबॅबिलिटी शिकवताना मी तीन दारांचं कोडं घ्यायचो. एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या, तुम्ही एक दार निवडलं की गेम चालवणारा उरलेल्यातलं बकरीवालं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचंय का? बदललं तर जिंकायची शक्यता २/३, अडून बसलात तर १/३. १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट या अमेरिकन लेखिकेनं वाचकांच्या प्रश्नांच्या आपल्या सदरात हेच उत्तर दिलं तर त्यांना चुकीचं ठरवणारी हजारो पत्रं आली, त्यात पीएचडीवाले पण होते! मी हे सांगून वर्गाला हसवायचो आणि पुढच्या टॉपिकवर जायचो.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पटलं नाही. मी तेच परत सांगितलं, जरा मोठ्या आवाजात (आम्हा मास्तर लोकांचा हा ठरलेला उपाय). ती म्हणाली, "पण सर, गाडी कुठंय हे गेम चालवणाऱ्यालाच माहिती नसेल आणि बकरी नुसती नशिबानं निघाली असेल तर?"

मी खडू हातात धरून नुसता उभा. उत्तर बदलतं की काय? इतकी वर्षं शिकवतोय आणि हा विचार कधी डोक्यातच आला नव्हता, शेवटी उद्या सांगतो म्हणून सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर घेऊन गेलो, तर बाईसाहेब रात्री बहिणीला बसवून पत्त्यांवर तोच खेळ खेळून आलेल्या. वहीचं पान उभ्या रेघांनी भरलेलं, काही डावांवर काट. "यात गाडीच उघडली गेली सर, हे मोजायचे नाहीत ना?" नाहीच मोजायचे. उरलेल्यात बदलून जिंकलेले आणि न बदलता जिंकलेले जवळपास सारखेच. म्हणजे सगळी गंमत त्या माणसाला माहिती असण्यात होती, आणि मी तेवढंच घाईत गाळत आलो होतो.

आता मी ते मुद्दाम गाळतो आणि वाट बघतो. एखाद्या वर्षी कुणीच विचारत नाही, तास दहा मिनिटं आधी संपतो, पोरं खूश होऊन पळतात आणि मी उगाचच फळा सावकाश पुसत बसतो.