मोटरहोमचं खूळ

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि माझ्या डोक्यात मोटरहोमचं खूळ शिरलं. परवा भांडुपला एका गॅरेजात 9 मीटर लांबीची गाडी आतून बघून आलो. डबल बेड, इंडक्शन, फ्रीज, चक्क शॉवर! मी तर स्टिअरिंगवर बसूनही घेतलं. हिने मात्र आत शिरल्या शिरल्या ओट्याखालचं कपाट उघडलं. "कुकर कुठे मावणार?" आणि लगेच, "संडासाची टाकी कोण रिकामी करणार?" विक्रेता नुसता हसला. ती आपणच करायची असते.

घरी येऊन टेप घेऊन खाली उतरलो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझ्या वाट्याला 5 बाय अडीच मीटर. म्हणजे उरलेली गाडी वॉचमनच्या केबिनमध्ये. शिवाय वजन 7,500 किलोंच्या वर गेलं की माझं साधं कारचं लायसन्स चालत नाही. आणि कोकणातला आमच्या वाडीचा रस्ता? समोरून एसटी आली की रिक्षासुद्धा गटाराच्या कडेला जाते.

तूर्तास दिवाळीनंतर चार दिवस भाड्याने घ्यायची, गणपतीपुळ्यापर्यंत. ही कुकर घेणार आहे. टाकीबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.