निळा स्पंज

झाकण उचलून फिल्टरच्या डब्यात पाहिलं तर आत निळा स्पंज होता. हा निळा रंग मी शेवटचा पाहिला तो तीन वर्षांपूर्वी, स्पंज नवा आणला तेव्हा. पाच दिवसांपूर्वी मी स्वतः तो या डब्यात बसवला तेव्हा तो काळपट तपकिरी होता, बोटांना बुळबुळीत लागत होता, आणि तसाच असायला हवा होता.

काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू घाईत तसाच घातला होतास ना, मी छान स्वच्छ केला बघ. नळाखाली धरून, सगळा काळेपणा जाईपर्यंत."

टाकीत तीन गोल्डफिश होते. दोन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून हवा ओढत होते. तिसरा, सगळ्यात जुना, लाल-पांढरा, कोपऱ्यात तळाशी टेकला होता. त्याचे कल्ले फार जलद हलत होते.

माझं काम घरोघरच्या टाक्या सांभाळायचं. ही टाकी माझ्याकडे तीन वर्षं आहे. आत पाण्यात बुडालेला जुना फिल्टर होता, त्याची मोटर घरघर करायला लागली आणि काकूंची झोप मोडायला लागली, म्हणून मागच्या काचेला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर घ्यायचं ठरलं. निवड माझी. ती निवड चुकली असं मला आजही वाटत नाही.

फिल्टर घेताना लोक टाकीचा आकार सांगतात, मी आधी मासे कोणते ते विचारतो. फायटर असता तर मी हा प्रकार सुचवलाच नसता, किंवा धारेपुढे स्पंजचा तुकडा लावून ती मवाळ केली असती; त्या लांब पंखांच्या माशाला दिवसभर प्रवाहाशी झुंजत बसावं लागतं. गोल्डफिशचं उलट. ते खातात खूप, घाण करतात खूप, आणि त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. हँग-ऑनची धार वरून पडते, पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळत राहतो, त्यामुळे हवा पाण्यात मिसळते. काकूंची टाकी ७५ बाय ३५ बाय ४० सेंटीमीटर. गुणाकार करून हजाराने भागलं की १०५ लिटर येतात, पण वाळू, काचेची जाडी आणि वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी ८५ लिटरच्या आसपास. खोक्यावर तासाला ७५० लिटर असं छापलं होतं. हा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या की धार मंदावते, आणि हे विकणारा कधी सांगत नाही. मी दर वेळी मोजतो. मासे आणायची पॉलिथिनची पिशवी धारेखाली दहा सेकंद धरायची आणि पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं. इथे १.४ लिटर भरलं, म्हणजे तासाला ५०० लिटर, टाकीच्या पाण्याच्या जवळपास सहापट. या तीन माशांना तेवढं पुरेसं होतं.

बसवणं बाहेरून सोपं वाटतं, काचेवर अडकवलं की झालं. पण डब्याला मागे निदान १२ सेंटीमीटर मोकळी जागा लागते आणि काकूंची टाकी भिंतीपासून चार बोटांवर होती. भरलेली टाकी सव्वाशे किलोच्या घरात जाते, ती ढकलायची नसते, तळाची काच तडकते. म्हणून मासे टबमध्ये काढले, पाणी अगदी तळापर्यंत उपसलं, टाकी पुढे घेतली. मागच्या झाकणाची पट्टी फिल्टरच्या रुंदीएवढी कापली. डब्याच्या खाली टेकूचा एक स्क्रू असतो, तो फिरवून डबा ओळंब्यात आणावा लागतो; डबा मागे कलला तर स्पंज तुंबल्यावर पाणी टाकीत न पडता मागून भिंतीवर उतरतं. हा स्क्रू न फिरवता निघून जाणारे मी खूप पाहिलेत. डब्यात आधी मगाने काठोकाठ पाणी ओतलं, मग प्लग लावला, कारण ही मोटर कोरडी चालली तर पाणी खेचत नाही, नुसती तापते. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. पाच-सात सेकंद गुरगुर झाली, नळीतली हवा निघाली आणि धार पडायला लागली. एक बोट उंचीवरून, जवळजवळ आवाज न करता. काकू कान लावून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा खुलला.

सोबत कार्बन भरलेलं कापडी कार्ट्रिज आलं होतं, दर महिन्याला बदला अशी सूचना छापलेलं. मी ते लावलं नाही. महिन्याभरात जे जीव त्यावर वस्तीला येतात त्यांना दर महिन्याला कचऱ्यात टाकायला सांगणारी ती सूचना कार्ट्रिज विकायला लिहिलेली आहे, माशांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जुन्या फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून कात्रीने डब्याच्या मापाचा कापला. त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येत होता. निरोगी स्पंजचा वास असाच येतो. कुजका वास आला तर समजावं की आत हवा पोचत नाही.

त्या तपकिरी थरावरच टाकी चालते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, थरातले जीव त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असं वर्षानुवर्षं लिहिलं जायचं. १९९८ साली घरगुती टाक्यांच्या अभ्यासात तिथे नायट्रोस्पायरा हे दुसरेच जिवाणू सापडले. २०११ साली कळलं की गोड्या पाण्याच्या बऱ्याच टाक्यांत अमोनिया पचवणारे मुख्यतः जिवाणू नाहीतच, आर्किया नावाचे वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव आहेत. २०१५ साली तर दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यातले काही मत्स्यशेतीच्या फिल्टरमध्ये. ज्याच्याकडे बघून लोक नाक मुरडतात त्या थरात एवढं चाललेलं असतं. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. हे जंतू वेगळे हे त्याला कळत नाही.

मी टाकीचं पाणी तपासलं. अमोनियाची चाचणी पिवळी यायला हवी, ती गडद हिरवी आली, लिटरला ४ मिलिग्रॅम. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं माप, ८; तापमान २८. पीएच ७ असता तर त्या अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसता. ८ ला तो सहाच्या वर जातो.

निम्मं पाणी काढलं, त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन घातलेलं पाणी हळूहळू भरलं. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडला. घरी जाऊन माझ्या टाकीतला चालू स्पंज ओल्या पिशवीत घेऊन आलो. दुसऱ्या कुठल्या ग्राहकाचा स्पंज आणला नाही, त्यासोबत रोग येतात. माझ्या टाकीत वर्षभर नवा मासा आलेला नाही. माझा तो स्पंज डब्यात कोंबला. खाणं तीन दिवस बंद.

पृष्ठभागावरचे दोघे दुपारपर्यंत खाली आले. लाल-पांढरा मेला. सहा वर्षांचा होता, काकूंच्या बोटातून दाणा घ्यायचा. त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने जाळीत घेतलं आणि बराच वेळ तशीच जाळी धरून बसल्या. मग विचारलं, "नेमकं काय झालं रे?"

मी म्हणालो, "मोटर अडकली असेल काकू, रात्री लाइट जाऊन आली की होतं कधी कधी."

मोटर एक क्षणही थांबली नव्हती.

त्या वेळी वाटलं, मी त्यांना जपतोय. रस्त्यात गाडी चालवताना दुसरंच आठवायला लागलं. टाकी हलवायची म्हणून मी त्याच दिवशी वाळू खोल उपसून धुतली होती आणि निम्मी काढूनही टाकली होती. त्या वाळूतही तोच थर होता. तो असता तर स्पंज धुतला गेल्यावरही टाकी कदाचित तगली असती. जुना फिल्टर नव्यासोबत चार-सहा आठवडे चालवायचा असतो, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो; आवाजाची तक्रार होती म्हणून मी तो तेव्हाच काढून घेऊन गेलो. आणि तीन वर्षं मी स्पंज पिळत आलो ते मोरीत, काकूंच्या नजरेआड. जुना फिल्टर पाण्याखाली होता, त्यांनी तो स्पंज कधी पाहिलाच नव्हता. हँग-ऑनचा डबा पारदर्शक, झाकण बोटाने उघडतं. मी त्यांच्या दिवाणखान्यात एक काळाकुट्ट स्पंज काचेआड मांडून ठेवला आणि एका शब्दाने काही सांगितलं नाही. मोटरचं नाव घेतलं तेव्हा काकूंसोबत मीही सुटलो होतो.

पुढचे दिवस रोज चाचणी केली. नायट्राइट चढल्यावर लिटरला एक ग्रॅम मीठ घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. नवव्या दिवशी अमोनिया शून्य. सोळाव्या दिवशी नायट्राइटही शून्य. मी खूश होऊन काकूंना तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी पण लक्ष ठेवून आहे हो. रात्री दोनदा उठते. डब्याला हात लावते, थरथर लागली की मग झोपते."

सोळा रात्री. आवाजाने झोप मोडते म्हणून बदललेल्या फिल्टरसाठी.

मी प्लग काढला, बादलीत टाकीचं पाणी घेतलं आणि स्पंज काकूंच्या हातात दिला. म्हटलं, "दोनदा हलका पिळा, बास." त्यांनी पिळला. पाणी चहासारखं झालं. स्पंज तपकिरीच राहिला.

"एवढंच? हा तर अजून तसाच आहे."

"तसाच ठेवायचा असतो. वास घेऊन बघा."

त्यांनी नाकाजवळ नेला. "मातीचा येतोय." मग स्पंज हातात तसाच ठेवून त्या बादलीकडे बघत राहिल्या. मला कळलं त्यांचा विचार कुठे पोचला ते.

"म्हणजे त्या दिवशी मी धुतला म्हणून..."

"हो," मी म्हणालो. "आणि मी वाळू धुतली म्हणून. जुना फिल्टर काढून नेला म्हणून. आणि तुम्हाला सांगितलं नाही म्हणून."

त्या काही बोलल्या नाहीत. स्पंज डब्यात ठेवला आणि पाणी ओतायला कुठला मग घ्यायचा ते त्यांनीच विचारलं. मी तो हातात दिला. काठोकाठ पाणी भरून त्यांनी प्लग लावला. गुरगुर झाली, धार पडली.

"मोटर बंद पडलीच नव्हती?"

"नाही."

त्यांनी डब्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि काढून घेतला.